खून झाला तरी चालंल

"सांग की मग मला तूच," मोठी माय म्हणाली. "शाळंतून येतीस, च्या घेतीस, मग घंटाभर बस माझ्यापाशी. खून झाला तरी चालंल. पण रगात दाखवू नको, आन् रातच्याला मला झोप लागली पाहिजे."

फाल्गुनातली गोष्ट. तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डाव्याचं महिन्याभरानं व्हायचं होतं, आणि दोन्ही डोळे बरे झाल्याशिवाय नव्या चष्म्याचा नंबर निघणार नव्हता. म्हणजे अडीच महिने पुस्तक बंद. काळा चष्मा लावून ती ओसरीतल्या बाजेवर बसून राहायची आणि कुणी आलं की पावलांच्या आवाजावरून नाव ओळखायची. वाचल्याशिवाय तिचा दिवस मावळत नाही हे घरात सगळ्यांना माहीत. अंबाजोगाई हे मुकुंदराजांचं आणि दासोपंतांचं गाव, वाचणाऱ्या बायांची इथं नवलाई नाही. पण मोठ्या मायसारखं पुस्तकाला चिकटलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

'चिकटलेलं' हे अक्षरशः. लहानपणापासून तिची नजर अधू. रेणापूरकडच्या तिच्या माहेरी ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ती लग्न होऊन आमच्या वाड्यात आली, दोन बाळंतपणं झाली, थोरला पहिलीत गेला, तेव्हा कुठं तिला पहिला चष्मा मिळाला. जाड भिंगांचा. तोवर हातभर अंतरापलीकडचं सगळं धुकं, आणि जग सगळ्यांना असंच दिसत असणार अशी तिची समजूत. पुस्तक मात्र नाकाला लावलं की स्वच्छ दिसायचं. त्या नाकाला लावलेल्या पुस्तकांत सगळ्यात जास्त होती बाबुराव अर्नाळकरांची. धाकटा दीर भाड्याच्या वाचनालयातून आणायचा आणि ही धान्याच्या खोलीत बसून वाचायची. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारा तो माणूस मराठी घराघरांत शिरला होता, आणि मोठ्या मायच्या मते तिनं त्यातल्या निम्म्या तरी वाचल्या असतील.

"मग झुंजारच वाचून दाखवू का?" मी विचारलं.

"नको बाई. आता पिस्तुलं नकोत. कान दुखतेत."

तिनं जे मागितलं त्याला इंग्रजीत कोझी मिस्टरी, म्हणजे ऊबदार रहस्यकथा, म्हणतात. किटली गार होऊ नये म्हणून तिला घालतात त्या लोकरी टोपीलाही तिकडं टी-कोझीच म्हणतात. लहान गाव, एकमेकांना ओळखणारी माणसं, पडद्याआड झालेला गुन्हा, छडा लावणारा पोलीस नव्हे तर कुणीतरी साधं माणूस, आणि शेवटी सगळं जागच्या जागी. मराठीत याला 'ओसरीवरची रहस्यकथा' म्हणावं असं मला त्या महिन्यात वाटायला लागलं, कारण मी त्या ऐकवल्या ओसरीवर आणि त्या शोभल्याही तिथंच.

माझी शाळा गावापासून अठरा किलोमीटरवर. जाताना-येताना एसटीत वाचायचं आणि संध्याकाळी मराठीतून सांगायचं असं ठरलं. आठवड्याला एक पुस्तक लागू लागलं. वाचणाऱ्याला पुढचं पुस्तक शोधणं हे किती नाजूक काम असतं ते तेव्हा कळलं. स्वतःसाठी चुकीचं निवडलं तर मिटून ठेवता येतं. दुसऱ्याची संध्याकाळ हातात असली की निवडताना जीव वरखाली होतो.

सुरुवात अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलपासून केली. १९३० सालची मार्पलची पहिली कादंबरी. सेंट मेरी मीड नावाचं खेडं, तिथल्या धर्मगुरूच्या अभ्यासिकेत एका कर्नलचं प्रेत सापडतं, आणि शेजारची म्हातारी मिस मार्पल बागेतली फुलं आणि पक्षी बघायच्या निमित्तानं कोण आलं, कोण गेलं, कोणत्या वाटेनं गेलं हे सगळं टिपत असते. धर्मगुरूला 'पाद्रीबाबा' केलं, कर्नलला 'रिटायर झालेला मिलिटरीतला सायेब'. गोष्टीत एक घड्याळ आहे. पाद्रीबाबांना उशीर होऊ नये म्हणून ते मुद्दाम पाव तास पुढं लावलेलं असतं. मी हे ओघात सांगून पुढं निघाले तशी मोठ्या मायनं हात वर केला.

"थांब. पुढं लावल्यालं हाय हे कुणाकुणाला म्हैत होतं?"

मी गप्प झाले. पुस्तकात जो प्रश्न खरा प्रश्न, तो तिनं तिसऱ्या संध्याकाळी विचारला होता. "आपलं बी धा मिन्टं पुढंच असतंय की," ती म्हणाली. "घरातल्याला म्हैत असतंय, पावण्याला नसतंय."

मिस मार्पलची रीत हीच. तिच्याकडं भिंग नाही, विज्ञान नाही. समोरच्या माणसाला बघून तिला गावातलं कुणीतरी आठवतं. हा अमक्या दुकानातल्या पोरासारखा वागतो, ती तमक्या मोलकरणीसारखी घाबरते. माणसाचा स्वभाव सगळीकडं सारखाच, एवढ्या एका भरवशावर ती चालते. मोठ्या मायला यात नवल काहीच वाटलं नाही. ती म्हणाली, "गावात राहिल्यावर एवढं तर येतंच." मग तिनं बोरमाळेची गोष्ट काढली. ही गोष्ट आमच्या घरात पुष्कळदा सांगितली गेली आहे, पण मी तिच्या तोंडून सबंध कधी ऐकली नव्हती.

तिच्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. महालक्ष्म्या बसल्या होत्या. तिच्या सासूची सोन्याची बोरमाळ ज्येष्ठेच्या गळ्यात घातलेली. पुजेच्या दिवशी वाड्यात गाव लोटलं. पुरणावरणाचा घाट, हळदीकुंकवाला येणाऱ्या बायांची रीघ. विसर्जनाच्या दिवशी सकाळी बघतात तो ज्येष्ठेचा गळा मोकळा. आईबरोबर भांडी घासायला येणारी एक बारा-तेरा वर्षांची पोर होती, रात्री उशिरापर्यंत ती देवीच्या खोलीत झाडलोट करत होती. झालं. सगळ्यांची बोटं तिच्याकडं. कुणी म्हणालं पाटलाला बोलवा, कुणी म्हणालं झडती घ्या. पोर न्हाणीपाशी भिंतीला टेकून उभी, रडेनासुद्धा.

तेव्हा ही नवी सून, डोक्यावरचा पदर सावरत, सासूपुढं जाऊन म्हणाली, "दळण संपलंय. कणगीतली ज्वारी काढून चाळून घिऊ का?"

सासू वैतागली. घरात काय चाललंय आणि हिचं काय चाललंय. पण दळण खरंच संपलं होतं. माजघरातली कणगी मोकळी करायला घेतली, सुपामागून सूप ज्वारी बाहेर आली, आणि दुपारपर्यंत एका सुपात ज्वारीबरोबर बोरमाळ खळकन पडली. आजेसासूनं रात्रीच्या अंधारात, एवढ्या गर्दीत चोरी होईल या धास्तीनं ती काढून कणगीत खुपसली होती, आणि सकाळी ते तिच्या ध्यानातूनच गेलं होतं. ऐंशीच्या पुढची म्हातारी. तिच्या लुगड्याच्या काठाला कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा चुरा लागला होता. भादव्यात कडुनिंब हिरवागार असतो. वाळका पाला सबंध वाड्यात एकाच जागी, धान्याला कीड लागू नये म्हणून कणगीत घातलेला.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हनलं, देवीनंच ठिवली असंल संभाळून. सासूबाई बी तेच म्हनल्या. म्हातारीला कुणीच काय बोललं नाही." पोरीला सासूनं नवं परकर-पोलकं शिवलं. आजेसासू पुढं दोन वर्षं जगली. कणगीत बोरमाळ कुणी ठेवली हे घरातल्या शहाण्या माणसांनी ओळखलं होतं, आणि म्हातारीसमोर शेवटपर्यंत कुणी उच्चारलं नाही.

त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. या पुस्तकांमध्ये मला काय आवडतं ते मला नीट सांगता येत नव्हतं, ते मोठ्या मायनं न सांगता सांगितलं होतं. खरं बाहेर येतं, आणि ते बाहेर आल्यावरही माणसांना एकमेकांच्या शेजारीच राहायचं असतं, याचं भान या गोष्टींना असतं. भल्या मोठ्या शहरातल्या रहस्यकथेत गुन्हेगार सापडला की पान मिटतं. खेड्यातल्या रहस्यकथेत दुसऱ्या दिवशी त्याच आडावर पाणी भरायचं असतं.

तिथून माझी निवड बदलली. वरवर गोड दिसणारी पुस्तकं पुष्कळ आहेत, मुखपृष्ठावर मांजर आणि केक. काही मी एसटीत पन्नास पानांवर सोडली. केकची कृती नीट असते पण गावात माणसंच नसतात, तिथं ऊब कुठून येणार? आता मी पहिल्या वीस पानांत एवढंच बघते, की गुन्हा घडायच्या आधी मला या गावात राहावंसं वाटतं का.

अलेक्झांडर मॅक्कॉल स्मिथ या लेखकाच्या मालेत आफ्रिकेतला बोत्स्वाना देश आहे, तिथं वाटलं. १९९८ साली या मालेतलं पहिलं पुस्तक आलं. प्रेशस रामोत्स्वे नावाची बाई वडिलांनी मागं ठेवलेली गुरं विकून देशातली पहिली बायकांची डिटेक्टिव्ह एजन्सी उघडते. वडील दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबलेले, गुरं हीच त्यांची आयुष्याची कमाई. तिच्याकडं येणारी प्रकरणंही माणसाएवढीच. नवरा बाहेरख्याली आहे का, मुलगी कुणाला भेटते, परतलेला बाप खरा की तोतया. मोठ्या मायला गुरं विकली हे ऐकून वाईट वाटलं. "किती होती?" तिनं पहिलं हे विचारलं. १८० म्हटल्यावर ती गप्प बसली. मग मी सांगितलं की त्या देशाच्या चलनाचं नाव 'पुला', आणि त्यांच्या भाषेत पुला म्हणजे पाऊस. बराचसा कलहारीच्या वाळवंटानं व्यापलेला देश, पाऊस हीच खरी दौलत.

"पैशाला पाऊस म्हन्तेत?" ती पुढं सरकून बसली. "शानी मान्सं हायेत."

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. मोठ्या मायची बहीण लातुरात आहे. तेव्हा घागरी मोजत काढलेले दिवस दोघींच्या बोलण्यात अजून येतात. बोत्स्वानाची ती बाई बुशटी, म्हणजे तिकडच्या झुडपाच्या पानांचा लाल चहा, पीत दाराशी पावसाची वाट बघते, हे आमच्या ओसरीवर वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. या मालेतली चार पुस्तकं आम्ही ओळीनं केली. कुणाला एकच मालिका सुचवायची झाली तर मी हीच सुचवीन. रक्त जवळपास नाहीच, आणि माणसावरचा विश्वास ओसंडून वाहतो.

रिचर्ड ऑस्मनच्या २०२० सालच्या कादंबरीत इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या वृद्धांच्या वसाहतीत चार निवृत्त माणसं दर गुरुवारी जमतात आणि जुन्या, न सुटलेल्या खुनांच्या फायली चाळतात. मग खराच खून होतो. सांगायला सोपी, कारण माणसं झटकन डोळ्यांपुढं उभी राहतात. पण मोठी माय मधेच म्हणाली, "लेकरं कुठं हायेत ह्यांची?" मी म्हटलं, येतात अधूनमधून. ती ऐकत राहिली, पण त्या संध्याकाळी तिनं दोन वेळा विचारलं की त्यांना रात्री कुणी पाणी देतं का. विनोदाच्या तळाशी ऑस्मननं जे म्हातारपण ठेवलंय, विसरत चाललेला नवरा, रिकामी खुर्ची, ते तिनं बरोबर हुडकलं. ही मालिका ओळीनंच वाचावी. मिस मार्पल मात्र कुठूनही उचलावी, काही बिघडत नाही.

मग आपल्या देशात यावं म्हणून फेलूदा घेतला. सत्यजित राय यांचा हा बंगाली तरुण गुप्तहेर १९६५ साली 'संदेश' मासिकातून अवतरला आणि मराठीत अशोक जैन यांनी आणला. फेलूदाची एक गोष्ट थेट आपल्याकडं येते. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीचं डोकं चोरीला जातं आणि माग काढत फेलूदा आणि त्याचे सोबती तोपशे आणि लालमोहनबाबू औरंगाबादला उतरून वेरूळला पोचतात. कैलास लेणं! मोठी माय घृष्णेश्वराला गेली होती तेव्हा कैलास बघून आली होती. कळसापासून पायापर्यंत, वरून खाली खोदत आणलेलं देऊळ. "चोरानं तिथं पाय तरी कसा ठिवला," असं ती म्हणाली, आणि गोष्ट संपेपर्यंत तिला खुनापेक्षा मूर्ती फोडणाऱ्याचा राग जास्त होता. मलाही. जुन्या मूर्तींची चोरी हा आपल्या गावोगावच्या पडक्या हेमाडपंती देवळांचा खरा धोका आहे, आणि मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टीत राय यांनी तो पकडला.

वसीम खान यांची २०१५ ची कादंबरी तिला फार आवडली. मुंबईचा इन्स्पेक्टर चोप्रा निवृत्त होतो त्याच दिवशी त्याला वारशात हत्तीचं पिल्लू मिळतं. पिल्लू काय खातं याची चौकशी रोज. सुजाता मसी यांची १९२१ च्या मुंबईतली पारशी वकील बाई पर्वीन मिस्त्री तशी हलकीफुलकी नव्हे. तिच्या सासरचा भाग सांगताना माझाच आवाज बसला. पण तीन विधवा पडद्यात राहतात, परपुरुषाशी बोलत नाहीत, म्हणून त्यांचं खरं एका बाई वकिलालाच कळू शकतं, ही मांडणी ऐकून मोठी माय बराच वेळ मान हलवत राहिली.

मी एकदाच चुकले. सांगताना रंगत वाढावी म्हणून एक धागा लपवून ठेवला आणि शेवटी काढला. ती चिडली. "आदी सांगायचं व्हतं. आता काय मजा?" रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले होते. गुन्हेगार गोष्टीत सुरुवातीलाच दिसला पाहिजे हा पहिला, आणि छडा लावणाऱ्याला जो धागा सापडेल तो लगेच वाचकापुढं ठेवला पाहिजे हा आठवा. मोठ्या मायनं नॉक्सचं नाव कधी ऐकलेलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला टोचत राहिली. आपल्याकडं रहस्यकथेचा एवढा मोठा संसार, दिवाळी अंकसुद्धा त्यासाठी वेगळे निघाले, तरी ओसरीवर बसून सगळ्या गल्लीचं येणं-जाणं ओळखणारी बाई मी वाचलेल्या मराठी रहस्यकथांत नायिका झालेली मला भेटली नाही. आपला नायक उंचापुरा, गाडीतून उतरणारा. बाई फार तर अडचणीत सापडलेली. आणि खऱ्या गावात बघावं तर, कुणाच्या घरात काय शिजतंय हे फोडणीच्या वासावरून सांगणाऱ्या बाया प्रत्येक गल्लीत आहेत. येसराच्या आमटीत येसर कुणाच्या हातचा हे मोठी माय एका घोटात सांगते. वेळअमावास्येला शेतात शंभर माणसं जेवतात, कडब्याच्या कोपीपाशी कोण कुणाशेजारी बसलं आणि कोण बसलं नाही, यावर एक कादंबरी उभी राहील. ती कुणीतरी लिहावी. मी वाट बघते आहे.

वैशाखात मोठ्या मायचा नवा चष्मा आला. पातळ काचांचा. ओसरीवरून तिला समोरच्या घराच्या दारावरचं तोरण दिसलं, त्यातली पानं मोजून दाखवली तिनं. मी आनंदानं तिला मिस मार्पलचं एक मराठी पुस्तक आणून दिलं आणि म्हटलं, "घे. आपल्या वाड्याची मिस मार्पल तूच. एवढासा पाल्याचा चुरा तुला दिसला."

तिनं पुस्तक मांडीवर ठेवलं. चष्मा काढून पदरानं पुसला.

"मला कुठला दिसायचा बाई? मला तवा चष्मा कुठं व्हता? म्हातारी समोर बसली तर मला तिचं तोंड दिसायचं नाही. काठ काय दिसतोय."

मी बघतच राहिले.

"त्या पोरीनं दावला. मागल्या दारी आली, म्हनली, वैनी, आज्जीच्या काठाला पाला लागलाय, सकाळी झाडताना माजघरात बी सांडल्याला व्हता. मी सांगितलं तर म्हन्तील हिनंच ठिवली. तुमी सांगा. आन् माझं नाव घिऊ नका, शपत हाय."

"आणि तू पन्नास वर्षं घेतलं नाहीस?"

"शपत घातल्याली. आता मागल्या दिवाळीत गेली ती, तर सांगायली."

दर संक्रांतीला पहिलं वाण घेऊन मोठी माय एकटी नदीपलीकडच्या गल्लीत चालत जायची. कुणाला बरोबर घ्यायची नाही. यंदा गेली नाही, तेव्हा मला वाटलं होतं डोळ्यांमुळे.

"काय नाव होतं तिचं?" मी विचारलं.

तिनं चष्मा लावला, पुस्तक उघडलं, आणि सवयीनं नाकापर्यंत नेलेलं पुस्तक हळूहळू मागं आणलं.